वीतभर वर

११ जानेवारी

विनाशिकेच्या वजनाचं काम अखेर माझ्या गळ्यात पडलं. खिळ्यापासून तोफेपर्यंत जे जे जहाजावर चढेल त्याचं वजन ते बनण्याआधीच काढायचं, ते किती उंचीवर बसेल ते धरायचं, आणि सगळं मिळून जहाज पाण्यात किती खोल बसेल, लाटेने कललं तर परत उभं राहील की नाही, हे सांगायचं. "इतरांची चूक कागदावर दिसते, बाई," कंपास म्हणाले, "तुमची पाण्यात दिसेल." आणि हसले. मला हसता आलं नाही.

कंपास म्हणजे आमच्या आरेखन कचेरीचे प्रमुख. पाय फाकवून उभे राहतात म्हणून हे नाव. माझ्या पाठीमागे मला तराजूबाई म्हणतात, तेही मला ठाऊक आहे.

द्वीपसंघाने तह मोडला आणि आपण मागवलेल्या तिन्ही विनाशिका स्वतःकडेच ठेवून घेतल्या, तेव्हापासून ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: आपलं जहाज आपण बांधू. बांधू खरं. पण या गोदीने आजवर फेरीबोटी बांधल्या आणि गाळ उपसायचं एक जहाज. विनाशिका म्हणजे लांब, अरुंद, वेगाने धावणारी लढाऊ नौका. शर्यतीच्या घोड्यावर तोफा लादायच्या आणि तो अडखळता कामा नये.

त्यात आपल्या बंदराच्या तोंडाशी वाळूचा उंचवटा. जहाज ठरल्यापेक्षा वीतभर जरी खोल बसलं तर ओहोटीला स्वतःच्याच घरात शिरता येणार नाही. बाहेर शत्रू, आत वाळू.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "एवढ्या मोठ्या कचेरीत दुसरं कुणी नव्हतं का?" नवरा म्हणाला, "आई, हिच्याइतकं घाबरणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून हिला दिलं." तो थट्टेने म्हणाला. मला वाटतं, तेच खरं कारण असावं.

१९ जानेवारी

विभागांकडून आकडे यायला लागले. वाफारा म्हणजे बॉयलर आणि इंजिनांचा मुख्य. त्याचा चष्मा सदा धुरकट. "लिहा, चारशे तीस टन," म्हणाला.

"हिशेबाने आलेला आकडा आहे ना?"

"बाई, मी आजवर कुणाला तोंडघशी पाडलंय?" असं म्हणून त्याने डोळा मिचकावला. त्याला ती सवयच आहे.

तोफांचं बघणारा, ज्याला सगळे तोफखानाच म्हणतात, म्हणाला, "माझा आकडा सढळ हाताचा आहे, निश्चिंत राहा." सांगाड्याचा हिशेब देणारा पत्रेवाला म्हणाला, "मागून बोलणी खायला नकोत, म्हणून पुरतं बघून दिलंय." निश्चिंत राहणं मला जमत नाही. पण माणसं मनापासून काम करताहेत, एवढं समाधान.

मी प्रत्येक आकड्यावर शेकडा पाच चढवले. हे कुणाला सांगितलेलं नाही. ही फसवणूक आहे का, यावर दोन दिवस डोकं खाजवलं. माणूस आशेच्या भरात वजन कमी सांगतो, तेव्हा कुणीतरी भीतीपोटी वाढवायला हवं. आणि सांगावं तर सगळे पाच वजा करूनच आकडा देतील. म्हणून गप्प. तरी मन खातं.

आजही गोदीवर पोचले तर फाटक बंद. घरचं घड्याळ पुढे धावतंय. मागे मीच काटा पाच मिनिटं पुढे केला होता, उशीर नको म्हणून. पण पाच मिनिटांसाठी पाय गोठेपर्यंत उभं राहावं लागत नाही. घड्याळजीकडे न्यायला हवं.

२६ फेब्रुवारी

ज्याची भीती होती तेच. बेरीज मर्यादेच्या वर गेली, आणि थोडीथोडकी नाही.

मी सुचवलं होतं की जहाजावर चढणारी प्रत्येक वस्तू गोदीच्या मोठ्या काट्यावर तोलून मगच आत न्यावी. कंपास म्हणाले, "मग हे जहाज आपली नातवंडं पुरं करतील." दिवस नाहीत हे खरं आहे. द्वीपसंघाची जहाजं आता दुर्बिणीतून दिसतात.

आज बैठकीत काय काय काढायचं यावर भांडण. फुगाजहाजांवर मारायची वरची तोफ सोडायला तोफखाना तयार नाही. "ते वरून बॉम्ब टाकतील तेव्हा आपण काय, खालून बादल्या भिरकावायच्या?" इंजिनातलं काही काढायचं म्हटलं की वाफारा छातीला हात लावतो.

शेवटी मीच सुचवलं: खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं दुसरं यंत्र, आणि त्याच्या पाण्यावर चालायची ती बॉयलरवाल्यांची न्हाणी. कुणी हूं की चूं केलं नाही. बॉयलरवाले बैठकीला नसतात. तह मोडण्याआधी सुट्या भागांबरोबर आलेलं ते यंत्र गोदामात ताडपत्रीखाली गेलं. आणखीही बरंच काढलं: खलाशांचे फळ्यांचे कप्पे, एक भटारखान्याची चूल, दोन शिड्या, त्यातली एक बॉयलरपाशी उतरणारी. बेरीज बसली.

३ मार्च

धाकटा भाऊ रजेवर आलाय. जुन्या गस्तीनौकेवर बॉयलरपाशी असतो. आईने त्याची कॉलर खाली ओढली, तर सगळी मान फोडांनी भरलेली.

"हे काय रे?"

"खाऱ्या पाण्याची आंघोळ, आई. अंगावर कोळसा, वर मीठ. समुद्र मुरवत ठेवतो आम्हाला." मग माझ्याकडे वळून, "ताई, तुझ्या जहाजावर गोड्या पाण्याची न्हाणी आहे म्हणे?"

"अजून ठरायचंय," मी म्हटलं.

ठरलेलं होतं. त्याची रजा कशाला खराब करा, असं स्वतःला सांगितलं. शिवाय त्याला काय फरक पडतो, तो त्या जहाजावर थोडाच आहे? पण जेवताना त्याच्या मानेकडे बघवेना.

संध्याकाळभर तो माझ्या जहाजाबद्दल विचारत होता. बॉयलरची तोंडं कुठल्या बाजूला? वर यायची शिडी किती रुंद? पाणी शिरलं तर कुठलं दार आधी बंद होतं? माझ्या कामात इतका रस त्याने आजवर कधी घेतला नव्हता. बरं वाटलं.

८ मार्च

त्याला सोडायला स्टेशनवर गेलो. घड्याळापायी पुन्हा फजिती. फलाटावर आम्ही चौघं आणि एक झाडूवाला. धाकटा म्हणाला, "आपल्या घरातल्या माणसाची गाडी कधी चुकत नाही, भाऊजी. आपण ती बनवायला घेतात तेव्हापासूनच येऊन बसतो." नवरा खूप हसला. आई मात्र म्हणाली, "हसा. उशीर झाला असता म्हणजे कळलं असतं."

घरी येताच घड्याळ भिंतीवरून काढून दुरुस्तीला टाकलं.

१५ मार्च

घड्याळजी म्हणाला, "बाई, याला काहीही झालेलं नाही. दुकानात सेकंदसुद्धा चुकलं नाही. तुमच्या घरातच काहीतरी आहे." भिंतीला ओल असेल. दुसऱ्या भिंतीवर लावलं.

१४ एप्रिल

वर्षभर ही वही उघडली नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं नाही. होता तेवढा वेळ भ्यायलाच पुरला.

आज जहाज पाण्यात उतरलं. अजून नुसता सांगाडा, इंजिनं आणि तोफा यायच्या आहेत. बँड, निशाणं, भाषणं, आणि मी होडीत बसून जहाजाच्या कडेवरचे खोलीचे आकडे वाचतेय. हिशेबापेक्षा चार बोटं वर होतं. पुन्हा वाचलं. मागच्या टोकाला जाऊन वाचलं. चार बोटं वर.

कंपासांना सांगितलं तर त्यांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. "हलकं उतरवलंत, बाई!" टाळ्या झाल्या. पत्रेवाला जरा जास्तच जोरात वाजवत होता.

मला टाळ्या ऐकू येत नव्हत्या. वजन गेलं कुठे? मी काही दोनदा धरलं का? की कुठली भिंत बसवायचीच राहिलीय?

२ ऑगस्ट

इंजिनं बसली, बॉयलर बसले, तोफा चढल्या. आता वीतभर वर आहे.

वीतभर जास्त बसलं असतं तर काय करायचं, याचा दीड वर्ष विचार केला होता. वीतभर वर येईल हे कधी मनातही आलं नाही. सगळे हिशेब पहिल्यापासून तपासले. काही सुटलेलं नाही.

"हलकं झालं तर रडायचं कशाला?" तोफखान्याने विचारलं. मी त्याला बाटलीचं उदाहरण दिलं. तळाशी पाणी असलेली बाटली तरंगत उभी राहते, वरचं बूच जड असलं तरी. तळातलं पाणी काढून घे, मग बघ. आपलं वजन कुठून गेलंय, बुचातून की तळातून, ते मला माहीत नाही. त्याचा चेहरा उतरला. त्याची तोफ बुचावर आहे.

जेवण जात नाही. आई म्हणते, दृष्ट लागली. नवरा काही बोलत नाही, फक्त माझ्या ताटात वाढत राहतो.

११ ऑगस्ट

आज जहाज कलवून पाहायची चाचणी. ती अशी असते: जहाज शांत पाण्यात सैल बांधून ठेवायचं, मोजणारे सोडून सगळी माणसं उतरवायची, आणि तोललेली लोखंडी वजनं डेकवर एका बाजूकडून दुसरीकडे न्यायची. जहाज किंचित कलतं. मधल्या जिन्याच्या भोकातून लांब ओळंबा तळापर्यंत सोडलेला असतो, त्याचं टोक तेलाच्या बादलीत. ओळंबा किती सरकला त्यावरून जहाजाचा भार नेमका किती उंचीवर आहे ते कळतं. जहाजावर कुणी खोकलंसुद्धा तर चालत नाही.

मी ओळंब्याशी गुडघे टेकून बसले होते. आणि तो थरथरत होता. वारा नव्हता. वजनं हलत नव्हती. कुणीतरी चालत होतं, माझ्या खाली.

"कोण आहे तिकडे?" मी भोकातून ओरडले. आवाज चिरकला. "वर या! ताबडतोब!"

शिडीवर पावलं वाजली. आधी हातातला पाना दिसला, मग काळं तोंड, मग फोडांची मान. धाकटा.

"तू इथे काय करतोयस?"

"ओरडू नकोस, ताई, ओळंबा हलेल." मग खाली बघून, "मी याच जहाजावर आहे. बदलीचा अर्ज त्या रजेआधीच केला होता."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुझी झोप उडाली असती. आणि काळजीपोटी तू जहाजातून आणखी काहीतरी काढून टाकलं असतंस."

मी एवढंच विचारलं, "न्हाणी..."

"आल्या आल्या शोधली. तिथे दोरखंड ठेवलेत." हसला. "बरे दोरखंड आहेत, ताई. जाड."

त्याला उतरवलं आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून घेतली. ओळंबा स्थिर होता.

१२ ऑगस्ट

वजन तळातून गेलंय. जहाज कलल्यावर परत उभं राहतं, पण सावकाश, नाखुशीने, मन नसलेल्या माणसाला कुणी हाताला धरून उठवावं तसं. शांत बंदरात ठीक. वादळात, वरच्या तोफेवर पाणी चढलेलं असताना, ते उठेल असं मी लिहून देऊ शकत नाही. आणि धाकटा तेव्हा सगळ्यात खाली असेल. तिथून वर यायला एकच शिडी आहे. दुसरी मी काढली.

१४ ऑगस्ट

आजची बैठक जन्मभर विसरणार नाही. जहाजाचा नेमलेला कप्तानही आला होता.

"बाई, तुम्ही काय विसरलात?" कंपासांनी विचारलं.

"काहीच नाही. तीनदा तपासलं."

"मग दीडशे टन काय माशांनी खाल्ले?"

वाफाऱ्याने चष्मा काढून पुसला. पहिल्यांदाच पुसताना पाहिलं. "वीस माझे," तो म्हणाला.

"वीस काय?"

"टन. म्हणजे खरं वजन चारशे दहाच होतं. वीस मी पदरचे धरले होते. अडीअडचणीला असावेत म्हणून. माझ्या फोरमननेही त्याच्या परीने धरले असतील. तो तसा हुशार आहे."

"तुम्ही मला सांगितलं नाही!" मी म्हणाले.

"डोळा मिचकावला होता की!"

पत्रेवाला खाली बघून म्हणाला, "माझे पंधरा." तोफखाना म्हणाला, "मी तर सढळ म्हणून तोंडाने सांगितलं होतं. आणि मला जे सांगितलं गेलं तेही सढळच होतं बहुतेक." मग सगळे कंपासांकडे बघायला लागले, कारण ते छताकडे बघत होते. "बेरजेवर मी तीस चढवले," ते म्हणाले. "प्रमुख म्हणून. मला वाटलं, तुम्ही सगळे आशावादी असाल."

आता माझी पाळी. "शेकडा पाच," मी म्हणाले. "प्रत्येक आकड्यावर. तुम्ही धरलेल्यांवरसुद्धा."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसायला लागले. कप्तान हसला नाही. "म्हणजे माझ्या जहाजाच्या पोटात न दिसणारं आणखी एक जहाज होतं," तो म्हणाला, "आणि त्याला जागा करायला माझ्या माणसांची न्हाणी काढली."

हसणं थांबलं. न्हाणीचं त्याला कुणी सांगितलं असेल, ते मला ठाऊक आहे.

इंजिनं सगळ्यात खाली, आणि सगळ्यात जास्त पदरचं धरलं तेही तिथेच. म्हणून तळ हलका निघाला. उलथेल म्हणून आम्ही प्रत्येकाने जी काळजी घेतली, तीच उलथवायला निघाली होती.

घरी आले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले. मग विचारलं, "या घड्याळाला कोण हात लावतं?"

"मी नाही," आई म्हणाली. "म्हणजे, तुम्हा दोघांना उशीर होतो म्हणून जरासा काटा सरकवते. अधूनमधून."

नवऱ्याने वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. "किती?" मी विचारलं. "दहा मिनिटं," वर्तमानपत्रामागून आवाज आला. "पण फक्त घड्याळजीकडून आलं तेव्हा. आणि त्याआधी."

मला हसू आलं, आणि मग ते हसू थांबेना. आई घाबरली. "बाई गं, पाणी आणा हो!"

१६ ऑगस्ट

कंपासांनी परवाच उपाय सांगितला: तळात साठ टन लोखंडाचे ठोकळे भरायचे. हिशेबाने बरोबर आहे. पण काल दिवसभर माझ्या डोळ्यांपुढे ते ठोकळे होते. जन्मभर काही न करता नुसते पडून राहणारे, आणि त्यांच्या डोक्यावर दोरखंड भरलेली न्हाणी.

मी म्हणाले, "गोड्या पाण्याचं यंत्र परत खाली बसवू. तेही तळात बसतं, तेही जड आहे. तेवढं लोखंड कमी. आणि दुसरी शिडीही परत द्या."

"डेक कापावा लागेल, बाई. जहाज निघायला टेकलंय."

"किती दिवस?" कप्तानाने विचारलं.

"आठ," पत्रेवाला म्हणाला. मग माझ्याकडे बघितलं, मान खाजवली. "चार. खरे चार."

कंपासांनी पाय आणखी फाकवले. "उशीर माझ्या नावावर करा," म्हणाले.

२० ऑगस्ट

यंत्र ताडपत्रीखालून काढून काट्यावर नेलं. वाफाऱ्याच्या कागदावर बारा टन होते, माझ्या हिशेबात त्याहून वर. काटा साडेनऊवर थांबला. वाफारा दोनदा वाकून बघून आला.

साडेनऊ लिहिलं. पेन खाली ठेवायला वेळ लागला. हात आपणहून पुढे जात होता. बिनपदराचा आकडा उघड्यावर उभा असल्यासारखा दिसतो. भीती वाटते त्याच्याकडे बघून.

त्या साडेनऊ टनांनी साठाचं काही संपत नाही. बाकीचे ठोकळे भरावेच लागले. ते भरताना पदरचं धरणारे आम्ही पाचही जण काठावर उभे होतो. कुणी थट्टा केली नाही.

९ सप्टेंबर

पुन्हा कलवून पाहिलं. उठतं. चटकन उठतं. जहाज अजून हिशेबापेक्षा सहा-सात बोटं वर आहे, ते चालेल.

सगळं ठीक आहे असं इथे लिहायला घेतलं होतं. लिहीत नाही. मला जेवढं माहीत आहे तेवढं ठीक आहे.

६ ऑक्टोबर

विनाशिका आज निघाली. द्वीपसंघाच्या जहाजांनी कालपासून बंदराबाहेर येरझाऱ्या सुरू केल्यात.

आम्हाला उशीर झाला. घड्याळाला हात लावायचा नाही असं तिघांनी ठरवलं होतं, आणि या वेळी तिघांनीही पाळलं. वेळ हाताशी आहे या जुन्या सवयीने आरामात निघालो, आणि शेवटचा रस्ता पळत काढला. धक्क्यावर पोचलो तर दोर सुटलेले, जहाजाच्या आणि आमच्या मध्ये पाणी.

"घड्याळाला काय झालं?" आई धापा टाकत म्हणाली.

"बरोबर चालतंय, आई," नवरा म्हणाला. "तेच झालंय."

खोटं कशाला लिहू, मी आधी भावाला शोधलं नाही. आधी पाण्याची रेघ पाहिली. जिथे हवी तिथे होती. मग डेकवर नजर टाकली. मागच्या टोकाशी कुणीतरी पांढरा पंचा डोक्यावर फिरवत होतं. एवढं पांढरं कापड बॉयलरवाल्याच्या हातात मी पहिल्यांदा पाहिलं.

"तोच ना गं?" आई म्हणाली. "ओरड की, ताई आली म्हणून."

ओरडले. एवढ्या दुरून त्याला ऐकू गेलं नसणार. ओहोटी होती. जहाज वाळूच्या उंचवट्याकडे गेलं तेव्हा मी श्वास धरला, आणि नवऱ्याने माझं मनगट. ते अडकलं नाही. बाहेरच्या पहिल्या लाटेवर एका अंगाला झुकलं, आणि उठलं.

आईने माझी बाही धरली. "मान दिसली का त्याची? बरी झालीय ना आता?"

"इतक्या लांबून दिसत नाही, आई."

"अगं, बरी आहे म्हण ना. म्हणायला काय जातं?"

माझ्या ओठांवर आलं होतं. "दिसत नाही," मी म्हणाले.

तिने बाही सोडली नाही. पंचा दिसेनासा होईपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.